नऊ वाजताचा फोन

यशा, इथल्या आपल्या मंडळींनी तुझ्यावर चार शब्द लिहून मागितलेत, त्यांच्या त्या सायक्लोस्टाइल पत्रकात टाकायला. जन्म कुठला, शाळा कुठली, हॅनोव्हरला शिकायला कधी आला, कुठे नोकरीला लागला, स्वभाव कसा मनमिळाऊ होता, असं सगळं. मनमिळाऊ तू नव्हतासच. तू उशिरा उठायचास, केस विंचरायचा नाहीस, आणि कुणी उपदेश करायला लागलं की डोळे मिटून घ्यायचास. समोरच्याला वाटायचं हा झोपला. मी त्यांना सांगितलंय, मी लिहीन ते एक अक्षर न गाळता छापणार असाल तर देतो, नाहीतर दुसरं कुणी बघा. ते हो म्हणालेत. काय लिहिणार आहे ते त्यांना ठाऊक नाही.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. इथे कसला दहावा आणि कसला तेरावा. तेराव्या दिवशीही मी नेहमीसारखा ऑफिसात गेलो, दारातल्या घड्याळात कार्ड ठोकलं आणि टेबलाशी जाऊन बसलो. नऊ तास बसलो. काम काय केलंस म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कार्ड मात्र बरोबर ठोकलेलं होतं.

तुला आठवतं का ते तिरप्या छताचं घर? चार वर्षं आपण दोघं त्या एका खोलीत काढली. मी पहाटे उठून टेबल अडवायचो आणि दिवसभर पुस्तकाला चिकटून बसायचो. तू कॉटवर उताणा पडून छताकडे बघत राहायचास. मला इतका राग यायचा, काय सांगू. मग केव्हातरी दुपारी तू उठायचास, 'सरक रे जरा' म्हणून माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक कागद पसरायचास आणि वीस मिनिटांत गणित सोडवून परत आडवा व्हायचास. माझ्या त्याच गणिताला सहा कागद लागलेले असायचे आणि उत्तर शिवाय चुकलेलं. परीक्षेत दर वेळी तू माझ्यापुढे. मी एकदा चिडून म्हटलं होतं, 'तुला हे असं मिळतं याचा अर्थ परीक्षाच चुकीची आहे.' तू म्हणालास, 'खरंय हेडमास्तर, पडून राहण्याला निम्मे मार्क ठेवायला हवेत.' त्या दिवसापासून मी तुझा हेडमास्तर झालो.

मी तसा का आहे हेही तुला माहीत होतं. माझे वडील पुण्याला सरकारी कचेरीत कारकून. वेळेवर जाणं हाच त्यांचा देव. काम किती उरकलं याबद्दल ते घरी कधी अवाक्षर बोलले नाहीत, पण साहेबाच्या आधी खुर्चीत असायचो हे मात्र रोज जेवताना सांगायचे. मी तेच दूध पिऊन वाढलो. माणूस जागेवर दिसला की काम चाललंय, नाही दिसला की बुडालं. जर्मनीत आलो तेव्हा मला वाटलं, चला, हे तर आपल्यासारखेच. दारात घड्याळ, प्रत्येकाचं कार्ड, पाच मिनिटं उशीर झाला तरी ठसा उमटतो. मला इथे घरच्यासारखं वाटायचं ते त्या घड्याळामुळे. हसू नकोस.

आणि मग आपण दोघं त्या क्रेनच्या कंपनीत लागलो. बंदरावर जहाजातला माल उचलणाऱ्या त्या अवाढव्य क्रेन, त्यांचे हात किती भार पेलतील, वाऱ्याने किती वाकतील, याचा हिशेब मांडायचा ही आपली नोकरी. तू पहिल्याच आठवड्यात तीनदा उशिरा आलास. मुख्य इंजिनियर लिंडेमानसाहेब स्वतः घड्याळापाशी येऊन उभे राहिले. मी आपलं खाली बघत राहिलो. लिंडेमाननी तुझ्या हातातला कागद मागितला. उभ्या उभ्या पाच मिनिटं वाचला. 'बरोबर आहे,' म्हणाले आणि गेले. तुला उशिराबद्दल कधीच कुणी काही म्हटलं नाही. मी त्या दिवशी सुटलो असं मला वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. त्यांनी तुला झापायला हवं होतं असं मला मनातून वाटलं होतं. आज हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचंच आहे.

मग तुझ्या छातीत पाणी झालं. सहा महिने तू सॅनेटोरियममध्ये होतास आणि मी दर रविवारी यायचो. सुटायच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर तुला बजावलं होतं: शहरात परत जायचं नाही, डोंगरातल्या हवेत निदान दोन वर्षं राहायचं, चढउतार बेताने, आणि हिवाळ्यात सकाळची गार हवा छातीत घ्यायची नाही, ऊन वर आल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. शेवटचं वाक्य तर त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, म्हणजे मित्राने लक्ष ठेवावं.

तुझी नोकरी जाणार असं मी धरून चाललो होतो. लिंडेमाननी मला बोलावलं. म्हणाले, 'आल्झो, म्हणजे तर मग, हेर साठे, तुमचे मित्र त्या डोंगरात बसून गणित करू शकतात की नाही?' मी म्हटलं, करू शकतात, पण. ते म्हणाले, 'मग पण कसला? आपण सोमवारी नकाशे टपालात टाकू, शुक्रवारी त्यांची पानं आपल्याकडे पोचोत. मधे ते काय करतात तो त्यांचा प्रश्न.' आणि आकडेमोडीचं ते हाताने फिरवायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून तुला हार्त्सच्या डोंगरातल्या त्या खेड्यात नेऊन दिलं. आयुष्यभर घड्याळापुढे उभा राहिलेला तो माणूस. आणि तुझ्याबरोबर चार वर्षं एका खोलीत राहिलेला मी मात्र म्हणत होतो, पण.

नऊ महिने तुझी पाकिटं आली. एकही शुक्रवार चुकला नाही. पेन्सिलीतलं तुझं ते बारीक अक्षर, कुठे खाडाखोड नाही. नाही म्हणायला एकदा एका पानावर चहाचा डाग होता आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढून तू लिहिलं होतंस, 'हा भार धरू नये.' सगळा विभाग हसला. मीही हसलो. पण तोवर माझ्या डोक्यात किडा शिरला होता.

शेजारच्या टेबलावरचा फोग्ट एक दिवस सहज म्हणाला, 'तुझा देशबंधू मजेत आहे, साठे. डोंगरात हवापालट, आणि आठवड्यातून एकदा पाकीट.' त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने लगेच डबा उघडला आणि खायला लागला. मी मात्र माझा डबा तसाच मिटून ठेवला. त्याच दिवसांत मला गटाचा प्रमुख करायचं घाटत होतं. आपल्यातला पहिलाच मी. मला वाटायला लागलं, सगळे माझ्याकडे बघताहेत. स्वतःच्या माणसाला झुकतं माप देतो, असं म्हणताहेत. कुणीच म्हणत नव्हतं. पण आपल्याकडचा माणूस असला की आपण त्याला दुप्पट धारेवर धरतो ना यशा, नाव जाऊ नये म्हणून? जर्मनाचं काम मी तपासायचो तेव्हा पान बघायचो. तुझं काम आलं की मी पानापलीकडे बघायचो, की हा आत्ता कॉटवर पडला असेल का.

म्हणून ऑक्टोबरात मी त्या बुधवारी न कळवता आलो. तुला वाटलं भेटायला आलो. मी पकडायला आलो होतो. सकाळचे अकरा वाजले होते आणि तू अंगणातल्या बाकावर उन्हात बसून घरमालकीण फ्राउ क्रामरबरोबर सफरचंदं सोलत होतास. तिच्या पायाशी दोन टोपल्या, तुझ्या मांडीवर परात. मला बघून तुझा चेहरा असा फुलला की मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

'अरे गोविंदा, तू? बस. एक सुरी घे.'

'यशा, आज बुधवार आहे.'

'बरं मग?'

'अकरा वाजलेत.'

'गेनाऊ,' म्हणालास आणि नवीन सफरचंद उचललंस. तिथे राहून तुला ते गेनाऊ, अगदी बरोबर, चिकटलं होतं, दर दोन वाक्यांनी.

'काम कुठाय?'

'झालं काल. वर टेबलावर आहे. संध्याकाळी परत एकदा नजर घालतो आणि उद्या टाकतो पोस्टात.'

'काल झालं तर आज पुढचं मागवायचं नाही का? तिकडे लोक नऊ नऊ तास बसतात.'

'बसू देत. त्यांना बसून सुचतं. मला सोलताना सुचतं, चालताना सुचतं. बसलं की झोप येते.' मग तू सुरी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे नीट बघितलंस. 'एक सांग. तुला माझं उत्तर हवंय की माझं बसणं हवंय?'

'दोन्ही,' मी म्हटलं.

तू इतका हसलास की तुला ठसका लागला. तो थांबेना. फ्राउ क्रामर पाणी घेऊन धावली, तुझ्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच तुला काही केलंय.

बस येईपर्यंत तू मला सोडायला खाली पोस्टापर्यंत आलास. परत वर चढताना तू तीनदा थांबलास, ते मी बसमधून मागे वळून बघितलं. बस येण्याआधी तू विचारलं होतंस, 'तिकडे कुणी काही बोललं का रे? स्वच्छ सांग.' मी म्हटलं, 'छे. कोण बोलणार?' तू म्हणालास, 'मग ठीक.'

आठवड्याने मी तुला पत्र लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे. लिंडेमानसाहेबांचा हुकूम झालाय, की तू रोज सकाळी नऊ वाजता पोस्टातून ऑफिसला फोन करायचास, कामाला लागल्याचं कळवायचंस आणि आदल्या दिवशी किती तास काम केलंस ते सांगायचंस. मी तुझी बाजू मांडून पाहिली, पण ते ऐकत नाहीत, तुला माहीत आहेच जर्मन लोक कसे असतात.

यशा, लिंडेमाननी असं काहीही म्हटलं नव्हतं. त्यांना पत्ताच नव्हता. हुकूम माझा होता. माझ्या नावाने सांगायची मला हिंमत झाली नाही, कारण तू हसला असतास आणि मग माझी टोचणी तुला कळली असती. म्हणून मी त्या भल्या माणसाच्या गळ्यात घातलं. वर जर्मन लोकांना नावं ठेवली. हे मला छापून यायला हवंय.

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. 'ठीक. नऊ तर नऊ.'

घर वर, पोस्ट खाली दरीत. जाताना उतार, येताना अर्ध्या-पाऊण तासाचा चढ. सकाळी नऊला खाली पोचायचं म्हणजे साडेआठच्या आत घर सोडायचं. नोव्हेंबरात तिकडे त्या वेळी दरीत ऊन उतरलेलंही नसतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवत नव्हतं असं नाही. मी स्वतःला सांगितलं, चालणं चांगलंच असतं, याला शिस्तच नाही, बरंच होईल याचं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

फोन उचलला की आधी तुझा श्वास ऐकू यायचा. मग तू. 'हॅलो हेडमास्तर, आलो बरं का.'

'कामाला बसलास?'

'पोस्टात उभा आहे. इथे खुर्ची नाही.'

'काल किती तास?'

'काल? तीन. नाही, सव्वातीन. पण त्यातला अर्धा तास पेन्सिल शोधण्यात गेला, तो धरायचा का?'

मी रागवायचो. म्हणायचो, अरे आठ तरी सांग, मला वर दाखवायचंय. तू कधीच आठ सांगितले नाहीस. एकदा म्हणालास, शून्य तास, दिवसभर नुसतं जंगलाकडे बघत बसलो. त्या आठवड्याचं पाकीट उघडलं तर ज्या गाठीवर आमची दोन माणसं महिनाभर अडली होती ती तू दोन पानांत सोडवलेली. मी पानं बघितली आणि म्हटलं, बरोबर आहे, पण शून्य तास कसे लिहायचे? तुला कळतंय ना मी कुठल्या थराला गेलो होतो?

डिसेंबरात तू ती केबिनची चूक पकडलीस. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून क्रेनवरची चालकाची केबिन मोठी केली होती. चार माणसांनी तो नकाशा तपासला होता, त्यांतला एक मी. तुझं पाकीट त्या वेळी बुधवारीच परत आलं. हिशेब नाहीच, नकाशा तसाच, फक्त समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'केबिन नवी, वारा जुना.' मोठ्या केबिनवर जास्त वारा बसणार, आणि आम्ही जुन्याच केबिनचा वारा धरून पुढे गेलो होतो. ती क्रेन तशी उभी राहिली असती तर एखाद्या वादळात आत बसलेल्या माणसासकट आडवी झाली असती. लिंडेमाननी सगळ्यांना गोळा केलं, तो नकाशा भिंतीवर लावला आणि म्हणाले, 'हे आपल्यापैकी जो इथे नाही त्याने पाहिलं.' फोग्टने टाळ्या वाजवल्या. माझी छाती भरून आली, खोटं नाही. माझा यशा, असं मला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी आत कुठेतरी जळलंही. नऊ तास बसून जे मला दिसलं नाही ते याला सफरचंदं सोलताना दिसलं.

तो दिवस होता. त्या दिवशी तरी मी फोनवर म्हणायला हवं होतं, यशा, उद्यापासून खाली येऊ नकोस. जीभ रेटली नाही. थांबवायचं तर सुरू का केलं होतं ते सांगावं लागलं असतं.

जानेवारी असाच गेला. गुडघाभर बर्फ आहे असं तू सांगायचास आणि मी म्हणायचो, सांभाळून जा. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी तुझा आवाज पार बसलेला होता. श्वास नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकू आला. मी म्हटलं, गरम पाणी पी. तू म्हणालास, 'गोविंदा, उद्या एक दिवस नाही आलो तर चालेल का?'

मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे. तुझ्या आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, 'एकदा खाडा झाला की मग रोज होतो. ये.'

'बघतो,' म्हणालास. तेच तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं.

शुक्रवारी नऊला फोन वाजला नाही. सव्वानऊला नाही. मी चिडलो होतो, यशा. काळजी नाही, चीड. लेकाने झोप काढली शेवटी, असं म्हटलं मी मनात. साडेदहाला टपाल आलं आणि त्यात तुझं पाकीट. गुरुवारी फोन झाल्यावर तिथेच टाकलेलं. सगळी पानं पूर्ण, सगळं बरोबर. शेवटच्या पानावर अक्षर जरा हललेलं. ते बघूनही मला काही सुचलं नाही. शनिवारी फ्राउ क्रामरचा निरोप आला, की गुरुवारी संध्याकाळीच तुला दवाखान्यात नेलंय.

मी पोचलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजन होता. नर्स म्हणाली, त्यांना बोलायला लावू नका. तू माझ्याकडे बघत होतास. डोळे पूर्ण जागे. मला वाटतं तू वाट बघत होतास मी काय म्हणतो त्याची. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, 'पाकीट पोचलं हं. सगळं बरोबर आहे.' तेवढंच. एवढा वेळ होता, शनिवारची अख्खी दुपार होती, बोलायला मनाई तुला होती, मला नव्हती. रविवारी सकाळी तू गेलास.

तुझ्या थोरल्या भावाला, दादांना, साताऱ्याला मी तार केली आणि मग पत्र घातलं. इथली थंडी बाधली, न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी शर्थ केली. दादांचं उत्तर आलंय. लिहितात, तुम्ही जवळ होतात हे आमचं भाग्य, यशवंत प्रत्येक पत्रात तुमच्याबद्दल लिहायचा. वहिनींनी दोन ओळी घातल्यात खाली, गोविंदराव, तुम्हीही जपा, तिकडे फार थंडी. मला ते पत्र घडी करून ठेवता येईना. पत्रकाचा अंक त्यांनाही जाईल. दादा, वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुला निरोप दिल्यावर मी ऑफिसात गेलो त्या दिवशी आमच्या टेलिफोनवरच्या बाई रडत होत्या. लिंडेमाननी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आता सकाळी नऊला हार्त्सचा फोन येणार नाही. लिंडेमान म्हणाले, कसला फोन? मग सगळं निघालं. त्यांनी मला आत बोलावलं. 'हे कुणी सांगितलं होतं त्यांना?' मी म्हटलं, मी. 'का?' मी म्हटलं, मला भीती वाटत होती. 'कशाची?' मला जर्मनमध्ये सांगता येईना. मराठीत तरी कुठे सांगता येतंय. मग ते एवढंच म्हणाले, 'पण मी तर त्यांना डिसेंबरातच लिहिलं होतं.' त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मी बाहेर आलो.

गेल्या रविवारी तुझं सामान आणायला गेलो. फ्राउ क्रामरने मला आत घेतलं, पण हात पुढे केला नाही. तुझे कपडे, यंत्र, कागद तिने नीट बांधून ठेवले होते. कागदांत ते पत्र होतं, लिंडेमानचं. केबिनबद्दल आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं, की तुम्ही केव्हा काम करता, किती वेळ करता, हे आम्हाला कधीही कळवायची आवश्यकता नाही, तुमची पानं येतात एवढं आम्हाला पुरे. तारीख डिसेंबरातली. खाली त्यांची सही. म्हणजे हुकूम त्यांचा नव्हता हे तुला तेव्हाच कळलं होतं. मग तो कुणाचा होता हेही.

मी तिथेच तुझ्या खुर्चीत बसलो. फ्राउ क्रामर दारात उभी होती. म्हणाली, 'ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, झालं तर मग, हेर टिपणीस, उद्यापासून सकाळी घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी बघते तर बूट घालताहेत. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, साहेब नको म्हणतात तर तुम्ही जाता कशाला? ते म्हणाले, माझ्या मित्राला मला काहीतरी सांगायचंय. त्याचं धाडस होत नाहीये. एखाद्या सकाळी होईल.'

ती पुढे काहीतरी बोलत होती, मला ऐकू आलं नाही.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मी तुझ्यावर पहारा ठेवतोय असं मला वाटत होतं. तू मात्र रोज बर्फातून खाली येत होतास ते मला एक वाक्य बोलायची संधी द्यायला, आणि समोरून मी विचारायचो, काल किती तास? तू एकदा तरी म्हणायचंस रे. शिव्या घालायच्यास. म्हणायचंस, गोंद्या, खोटारड्या, मला सगळं कळलंय, मी उद्यापासून येत नाही. मी कोलमडलो असतो, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि तू आज त्या अंगणात बसला असतास. एवढा विश्वास ठेवायचा असतो का कुणावर? माझ्यावर?

आता मला तुझी सवय मोडायला हवी असं लोक म्हणतात. लिंडेमाननी मला गटप्रमुख केलंय, कालच कागद आला. का केलं मला कळत नाही. कदाचित त्यांना वाटत असेल की हा आता पुन्हा कुणाशी असं वागणार नाही. खरंय, वागणार नाही. पण त्यासाठी तुला जावं लागलं.

अजून एक सांगायचं राहिलं, यशा. माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तिच्याबद्दल मी तुला कधी बोललो नाही आणि कुणालाच दाखवली नाही. तुझा फोन आला की मी ती काढायचो आणि तारखेपुढे वेळ लिहायचो. नऊ. नऊ वाजून दोन. नऊ. नऊ वाजून चार, बर्फ. काल ती फाडून टाकायला काढली होती, पण टाकवली नाही. शेवटच्या शुक्रवारी तू दवाखान्यात श्वासासाठी धडपडत होतास, आणि त्या तारखेपुढे माझ्या अक्षरात लाल शाईने लिहिलंय, गैरहजर.